एकाच जातीच्या सॅलमँडरची (पालीसारखा दिसणारा, बेडकासारखाच उभयचर प्राणी) अंडी कुठे पारदर्शक तर कुठे दुधाळ का असतात? पाण्याचा त्यांच्या जगण्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि फार होतो. हे मी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे सॅलमँडर नाहीत, ते भारतात दार्जिलिंग-सिक्कीम आणि ईशान्येच्या डोंगरांतच. पण बेडकाची अंडीही तशीच, बिनकवचाची, नुसत्या जेलीतली.

२०१५ च्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री बेडकांनी झोपू दिलं नाही. सकाळी दोन ठिकाणी अंडी. एक डबकं ओढ्याकाठच्या बाभळीखाली, गुडघाभर. दुसरं ट्रॅक्टरच्या चाकोरीत साचलेलं, उघड्यावर. अंडी दोन्हीकडे सारखीच, वाटीत भिजवलेल्या सब्जासारखी, मधे काळा ठिपका. मी तेव्हा बीएस्सीला होतो, दिवसातून दोनदा जाऊन बसायचो. चाकोरीतलं पाणी दुपारी अंघोळीच्या पाण्याएवढं कोमट लागायचं. तिथली पिल्लं आधी बाहेर आली, पण बारकी. मग पावसानं दडी मारली. चाकोरी आटली, काळ्या मातीला भेगा पडल्या आणि भेगांच्या काठाला पिल्लांचा काळा पापुद्रा चिकटून राहिला. बाभळीखालची काही अंडी पांढरी पडून बुरशीनं गेली, बाकीची तगली. मागचे पाय फुटलेलं पहिलं पिल्लू मी तिथंच पाहिलं.

ते डबकं आमच्या तात्यांनी, म्हणजे चुलत्यांनी, पुढच्या उन्हाळ्यात मुरूम टाकून बुजवलं. मी म्हणालो, "तात्या, राहू द्या ना." ते म्हणाले, "पाणी ते पाणी, लेका. शेततळं केलंय की, घालतील तिथं अंडी." शेततळ्याच्या प्लास्टिकवर बेडकाचा पाय ठरत नाही. त्या पावसाळ्यात दमलेले बेडूक मी बादलीनं बाहेर काढलेत. पाणी ते पाणी नसतं, हे मी तात्यांना आजही सांगतो.

आता तुमचं. तुम्ही बहुधा उत्तर अमेरिकेतल्या ठिपकेवाल्या सॅलमँडरबद्दल विचारताय. त्याच्या अंड्यांचा दुधाळपणा पाण्यामुळे येत नाही. जेलीच्या बाहेरच्या थरात एका प्रथिनाचे स्फटिक असतात, त्यानं अंड्यांचा गोळा पांढरा दिसतो. मादी एकदा पांढरी घालणारी असली की पांढरीच घालते. पाणी ठरवतं ते त्यातलं जगणार कोण. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि गर्भाला नेमका तेव्हाच जास्त लागतो. त्यात गोळ्याच्या आतल्या अंड्यांपर्यंत तो उशिरा पोचतो. म्हणून तर त्या अंड्यांत एक हिरवं शेवाळ राहतं. ते गर्भाची टाकाऊ द्रव्यं घेतं आणि उजेडात ऑक्सिजन देतं. पाण्याचा सामू (पीएच) ४.५ च्या खाली गेला, म्हणजे पाणी फार आम्लधर्मी झालं, की मरतुक वाढते. पांढऱ्या जेलीची अंडी तिकडच्या एका जातीच्या बेडकाची पिल्लं कमी खातात, असंही दिसलंय. म्हणजे ज्या तळ्यात ते बेडूक, तिथं पांढरीचा फायदा.

मला सगळ्यात जवळची वाटते ती तिकडच्याच संगमरवरी सॅलमँडरची मादी. ती पावसाआधी कोरड्या तळ्याच्या तळाशी अंडी घालते आणि त्यांना वेटोळं घालून बसते. पिल्लू आत तयार होऊन थांबलेलं असतं, पाणी चढलं की बाहेर येतं. पाऊस लांबला तर काय होतं, हे लातूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

दोन डबक्यांवरून सिद्धांत होत नाही, हे मान्य. शेततळ्याला माझा विरोधही नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागातला माणूस तो कसा करील? शेततळ्याच्या कडेला एखादी जाळी किंवा दोर सोडा, बेडूक चढून येतात. अंडी बघायची तर जागेवरच बघा, बाटलीत घरी आणू नका. आणि घरातलं कुणी डबकं बुजवायला निघालं, तर निदान पावसाळा संपेपर्यंत थांबवा.