पिकॉममध्ये (लिनक्सवर विंडोंना सावली, पारदर्शकता देणारा प्रोग्राम) जीएडिट या मजकूर-संपादकाच्या विंडोभोवती दुहेरी सावली दिसते आणि विंडो सरकवल्यावर तिचे डाग मागे राहतात, उपाय काय?

फोंड्यातील आपल्या वाचनालयाच्या संगणकांवर दिसणारी दुहेरी सावली पिकॉमच्या संरचना-फाइलमधील 'शॅडो-एक्सक्लूड' यादीत (ज्या विंडोंना सावली द्यायची नाही त्यांची यादी) 'जीटीके फ्रेम एक्स्टेंट्स' या गुणधर्माची अट घातली की जाईल, आणि मागे राहणारे डाग 'यूज-डॅमेज' बंद केल्याने बहुधा थांबतील. जीएडिटसारखे जीटीके (विंडो व बटणे बनवण्याचा साधनसंच) वापरणारे प्रोग्राम आपली शीर्षकपट्टी व सावली स्वतःच रेखाटतात आणि त्या सावलीची रुंदी चारही बाजूंसाठी याच गुणधर्मात नोंदवतात. पिकॉम मात्र ती सावली विंडोचाच भाग समजून तिच्याबाहेर आणखी एक सावली टाकतो, त्यामुळे मध्ये मोकळी पट्टी सुटून सावली विंडोपासून तुटल्यासारखी दिसते. खात्रीसाठी टर्मिनलमध्ये 'एक्सप्रॉप' ही विंडोचे गुणधर्म दाखवणारी आज्ञा चालवून त्या विंडोवर क्लिक करावे. गुणधर्मापुढे चार आकडे आले, तर निदान पक्के समजावे. डागांचे कारण वेगळे आहे: 'यूज-डॅमेज' चालू असताना पडद्याचा फक्त बदललेला भाग पुन्हा रंगवला जातो, आणि त्या हिशेबात चूक झाली की जुन्या सावलीची कड तशीच राहते. ते बंद केल्यास ग्राफिक्सवरचा भार वाढतो, म्हणून जुन्या यंत्रांवर आधी 'बॅकएंड' (पिकॉमची पडदा रंगवण्याची पद्धत) बदलून पाहणे मला अधिक योग्य वाटते. पिकॉमच्या आवृत्ती १२ पासून संरचना-फाइलमध्ये 'रूल्स' विभाग असल्यास 'शॅडो-एक्सक्लूड'कडे दुर्लक्ष होते, तेव्हा हीच अट त्या विभागात लिहावी. हे सारे एक्स११ (लिनक्सवर विंडो पडद्यावर दाखवणारी जुनी प्रणाली) सत्रापुरतेच लागू आहे. वेलँड या तिच्या जागी आलेल्या नव्या प्रणालीत पिकॉम चालत नाही.