माझी पंधरा वर्षांची मुलगी सतत कादंबऱ्या वाचते, विचारलं तर काहीच सांगत नाही. या वयात मुलं वाचताना नेमकं काय अनुभवतात?

मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. आठवी ते दहावीची मुलं रोज समोर असतात, त्यांच्याकडे बघून सांगते.

ही मुलं गोष्ट लांबून बघत नाहीत, सरळ आत शिरतात. 'मृत्युंजय'च घ्या. शिवाजी सावंतांची कर्णावरची १९६७ सालची जाडजूड कादंबरी, भाषा अलंकारिक, तरी आमच्याकडे ती कपाटात टिकत नाही. चारचौघांत कमी लेखलं जाणं या मुलांच्या रोजच्या अनुभवातलं असतं, त्यामुळे सूतपुत्र म्हणून हिणवला जाणारा कर्ण त्यांना लगेच आपला वाटतो. नववीतली एक मुलगी कुंतीवर भयंकर चिडली होती. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, असली कसली आई?" पण सावंतांनी या कादंबरीत एकट्या कर्णाला बोलू दिलेलं नाही. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण हेही आपापल्या तोंडून आपली बाजू मांडतात. कुंतीचं सगळं वाचून ती पुन्हा आली तेव्हा राग बराच उतरला होता. "तिचंही खरंय ना पण," एवढंच बोलली आणि पुस्तक घेऊन गेली. ज्याचा राग येतो त्याच्या मनात डोकावायला घरात, वर्गात कुठे मिळतं? ते या वयात मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

आता गप्प राहण्याबद्दल. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'मधला मुकुंद नववीत आहे, काळ आणीबाणीचा. आणीबाणीची पानं मुलं भराभर उलटतात, मुकुंदला आवडणारी शिरोडकर आली की वेग मंदावतो. एक मुलगा ते पुस्तक पुन्हा पुन्हा न्यायचा. कसं वाटलं विचारलं की मान खाली घालून "बरंय." मुकुंदबद्दल बोलायचं म्हणजे स्वतःबद्दलच बोलायचं, मग तो कसा बोलणार? तुमच्या मुलीचंही असंच असेल. त्यात काळजीचं काही नाही.

फक्त "यातून काय शिकलीस?" हे विचारू नका. त्या प्रश्नाने कादंबरीचं पाठ्यपुस्तक होतं. त्यापेक्षा तिचं वाचून झालं की तेच पुस्तक तुम्ही वाचायला घ्या आणि जेवताना एखाद्या पात्राची बाजू घेऊन बोला. तुमचं पटलं नाही, तर ती वाद घालायला लागेल.