लेन्सला घरचे पाणी का चालत नाही?

कॉन्टॅक्ट लेन्सविषयी आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. वाचकांना ज्यांची धास्ती वाटते त्या गोष्टी बहुधा निरुपद्रवी असतात, आणि ज्या सवयींमुळे दृष्टी गमावण्याची पाळी येऊ शकते त्यांचा उल्लेख मात्र पत्रात जाता जाता, एखाद्या ओळीत येतो. या वेळच्या प्रश्नांतही तसेच झाले आहे.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजात जाते आणि लेन्ससाठी हट्ट धरून बसली आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की लेन्स डोळ्याच्या मागे सरकली तर ऑपरेशन करूनच काढावी लागते. हे खरे आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. पापणीच्या आतले पातळ आवरण मागे जाऊन वळते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पसरते, त्यामुळे तिथे बंद खिसा तयार होतो आणि लेन्सला त्यापलीकडे जायला वाटच उरत नाही. फार तर ती वरच्या पापणीखाली अडकते. अशा वेळी लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब घालून, डोळा मिटून, पापणीवरून हलका हात फिरवला की ती बहुधा खाली येते. मुलगी दरवेळी साबणाने हात धुऊन कोरडे करण्याचा कंटाळा तर करणार नाही ना, हे मात्र आधी पाहावे. लेन्स द्यावी की नाही हे ठरवताना मला वयापेक्षा ही सवय महत्त्वाची वाटते.

प्रश्न : सोल्यूशन महाग पडते. म्हणून प्रवासात आम्ही लेन्स आरओच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवतो. घरी असताना डबीतले कालचे सोल्यूशन फेकत नाही, त्यातच थोडे नवे घालतो. पाणी पिण्याइतके शुद्ध असेल तर ते डोळ्याला का चालू नये? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : प्यायलेले पाणी पोटात जाते आणि तिथले आम्ल बऱ्याच जंतूंचा निकाल लावते. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, संरक्षण असते ते अश्रूंचे आणि पापणीच्या उघडझापीचे, आणि लेन्सखाली नेमके तेच तोकडे पडते. अकँथामिबा नावाचा एकपेशीय जीव नळाच्या पाण्यात, विहिरीत, इमारतीवरच्या टाकीत आणि पोहण्याच्या तलावातही आढळतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती दुहेरी कवच तयार करतो, आणि मग पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनला तो दाद देत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून घरच्या घरी सलाइन तयार करणाऱ्या लेन्सधारकांमध्ये या जीवाचा संसर्ग मोठ्या प्रमाणावर दिसून आला होता. त्यात होणाऱ्या वेदना असह्य असतात, सुरुवातीला तो हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचा आजार समजला जाण्याचा संभव असतो, उपचार कित्येक महिने चालतात आणि बरे झाल्यावरही डोळ्यात फूल राहू शकते. आपल्याकडे तर कधीही लेन्स न लावलेल्या, शेतात डोळ्याला काही लागून दूषित पाण्याशी संबंध आलेल्या रुग्णांतही तो आढळतो.

पाणी उकळल्याने जंतू मरतात हे खरे, पण ते गार होऊन भांड्यातून डबीत येईपर्यंत निर्जंतुक राहत नाही, आणि लेन्सवर आधीच बसलेले जंतू मारण्याची शक्ती त्यात नसते. शिवाय पाण्यात अश्रूंइतके क्षार नसल्याने मऊ लेन्स फुगते आणि डोळ्याला घट्ट चिकटते. विकतचे सलाइन लेन्स खंगाळायला चालते, बुडवून ठेवायला नाही.

आपण शेवटी सहज लिहिलेली डबीची गोष्ट मला पाण्याइतकीच गंभीर वाटते. वापरलेल्या सोल्यूशनमधले जंतुनाशक कमी झालेले असते. त्यात नवे मिसळल्याने नव्याचाही जोर कमी होतो. डबी रोज रिकामी करावी, ताज्या सोल्यूशननेच धुवावी, स्वच्छ टिश्यूने पुसून उपडी वाळवावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. खर्च परवडत नसेल तर चष्मा वापरावा, त्यात कमीपणा काहीच नाही. अंघोळीला आणि पोहायला जाण्यापूर्वी लेन्स काढून ठेवावी. डोळ्यात चुना किंवा रसायन उडाले तर मात्र हा सारा विचार बाजूला ठेवून, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने तत्काळ आणि भरपूर वेळ डोळा धुवावा व लगेच रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझी रात्रपाळी असते. लेन्स ‘हवा खेळती राहणारी’ असल्याने कंपनीच्या बसमध्ये तासभर डोळा लागला तरी बिघडत नाही, असे दुकानदार म्हणतो. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू मुख्यतः हवेतून घेतो आणि डोळा मिटला की हा पुरवठा घटतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्समुळे ही अडचण बरीच सुटली, पण झोपेतल्या संसर्गाचा धोका त्याबरोबर सुटला नाही. लेन्स लावून झोपल्याने कॉर्नियाच्या गंभीर संसर्गाची शक्यता सुमारे सहा ते आठ पट वाढते. डुलकीही झोपच आहे. बसमध्ये चढण्यापूर्वी लेन्स काढून चष्मा लावणे आपल्याला सहज जमेल.

प्रश्न : चष्म्याचा नंबर उणे ६ असताना लेन्स उणे ५.५ची दिली. ही फसवणूक आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते आणि लेन्स डोळ्यावरच टेकते, म्हणून उणे ४च्या पुढच्या नंबरांत हा फरक धरावाच लागतो.

प्रश्न : लेन्समुळे डोळा लाल झाला, उजेड सहन होत नाही. मेडिकलमधून थेंब आणले आहेत, सोबत गुलाबपाणीही घालते. किती दिवस वाट पाहावी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : एकही दिवस नाही. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर ‘डोळे आले’ असे गृहीत धरू नये. स्यूडोमोनास हा जिवाणू एक-दोन दिवसांत कॉर्नियाला भोक पाडू शकतो. चिठ्ठीविना मिळालेल्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर लाली कमी होऊन बरे वाटेल, पण बुरशीची जखम आतून वाढत राहील. गुलाबपाणी तर निर्जंतुकही नसते. दोन्ही बंद करून आजच नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि जाताना लेन्स, डबी व सोल्यूशनची बाटली फेकून न देता सोबत न्यावी, कारण कॉर्नियाच्या नमुन्यात न सापडलेला जंतू कधीकधी डबीत सापडतो आणि उपचाराची दिशा त्यावरून ठरवता येते.