डोळ्यातलं इंजेक्शन बदलायचं का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न (खानापूर): सासूबाईंना ओला एएमडी (वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग खराब होऊन तिथे पाणी साठण्याचा आजार) आहे. अवास्टिनची तीन इंजेक्शनं झाली, तरी ओसीटीत (पडद्याच्या स्कॅनमध्ये) पाणी दिसतंय. आता महागडं इंजेक्शन सुचवलंय. आधीची तीन वाया गेली का?

उत्तर: वाया गेली नाहीत, ताई. पण आधी तारखा पाहा. ती तीन चार-चार आठवड्यांनी झाली, की कधी पाऊस, कधी घरातलं लग्न असं होत दोन-अडीच महिन्यांनी? तसं असेल तर औषधाला वेळेवर संधीच मिळाली नाही. अवास्टिनचा असर डोळ्यात साधारण महिनाभर टिकतो. मध्ये खंड पडला की पाणी परत साठतं आणि दोष औषधावर येतो. तारखा पाळल्या असतील तरी तिसऱ्यावर निकाल लावायची घाई मला पटत नाही. काही डोळ्यांत पाणी चौथ्या-पाचव्यानंतर उतरतं. पाणी पडद्याच्या आत आहे की खाली, तेही विचारा. खाली थोडंसं राहिलं तर बरेच तज्ज्ञ चालवून घेतात. आतलं नजरेला जास्त नडतं. शिवाय हा पॉलिपॉइडल (पडद्याखालच्या रक्तवाहिन्यांना फुगे येणारा) प्रकार तर नाही ना? आपल्या आशियाई लोकांत तो बराच आढळतो आणि आयसीजी अँजिओग्राफी (शिरेत रंग सोडून डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो घेण्याची तपासणी) केली नाही तर निसटू शकतो.

एवढं पाहून बदल ठरला तर जरूर करा. अफ्लिबर्सेप्ट किंवा फॅरिसिमॅब या महागड्या इंजेक्शनांनी पाणी बऱ्याचदा कमी होतं, दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवता येतं, आणि खानापूरहून येणाऱ्याला ते फार मोलाचं. नजर तपासायच्या तक्त्यावर वाचता येणाऱ्या ओळी मात्र सहसा फारशा वाढत नाहीत. जिथे व्रण पडलाय तिथली नजर कुठलंच इंजेक्शन परत आणत नाही. हे आधी कुणी सांगितलं नाही तर घरचे कर्ज काढतात आणि नंतर खचतात, म्हणून स्पष्ट लिहितोय.

प्रश्न (निपाणी): मी निवृत्त शिक्षक. उपचार मिरजेत चालू होते, आता बेळगावला जाईन. अवास्टिनसारखं स्वस्त इंजेक्शन कमी प्रतीचं असतं का?

उत्तर: नाही, गुरुजी. २०११ साली अमेरिकेत सरकारी पैशातून झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. अवास्टिन आणि लुसेंटिस (याच आजाराचं महागडं इंजेक्शन) घेणाऱ्यांची नजर वर्षानंतर जवळपास सारखीच होती. मात्र अवास्टिन मुळात कॅन्सरचं औषध. मोठ्या बाटलीतून छोटे डोस काढावे लागतात, म्हणून ते कुठे आणि कसं भरतात हे विचारायला संकोच करू नका. बेळगावला जाताना जुने सगळे ओसीटी न्या. कोणत्या डोळ्यात, कोणतं औषध, कोणत्या तारखेला, हे कागदावर लिहून ठेवा. पूर्वी हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर तेही सांगा. विडी-सिगारेट ओढत असाल तर बंद करा. धूम्रपानाने हा आजार बळावतो.

प्रश्न (चिकोडी): नवं इंजेक्शन घेतल्यावर वडिलांचा डोळा लाल झालाय.

उत्तर: सुई टोचली तिथे न दुखणारा लाल डाग असेल तर आठ-पंधरा दिवसांत जातो. पण दुखतंय, उजेड सोसत नाही, नजर धूसर झालीय, काळे ठिपके तरंगतायत, यातलं एकही असेल तर उद्याच्या बसची वाट पाहू नका, आजच दाखवा. इंजेक्शन ब्रोल्युसिझुमॅबचं असेल तर जास्तच सावध राहा. त्याने पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आल्याचे प्रकार नोंदले गेले आहेत.

प्रश्न (हुक्केरी): आईला कोरडा एएमडी (पाणी न साठणारा प्रकार) आहे. तिला ही इंजेक्शनं द्यावीत का?

उत्तर: नको, ती ओल्या प्रकारासाठीच आहेत. रोज एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहायला सांगा. सरळ कड वाकडी दिसली की दोन-चार दिवसांत ओसीटी करून घ्या.