शाळेतल्या मुलांची शारीरिक क्षमता आणि कारक कौशल्ये कशी मोजावीत? कोणती चाचणी सगळ्यात चांगली?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झालात आणि सहावी ते आठवीचे वर्ग तुमच्याकडे आहेत. चाचणीचं नाव पुढे सांगते. त्याआधी मला सांगा, तुमच्या मैदानाचा एक राउंड किती मीटरचा आहे, आणि तो कोणी मोजलाय?

सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत मी लागले तेव्हा तिथे आधीपासून एक ज्येष्ठ सर होते. राउंड २०० मीटरचा, तीन राउंड म्हणजे ६००, हे अख्ख्या शाळेला पाठ होतं. सातवीत एक मुलगी होती. काटक, अनवाणी पळणारी, वळणावर आतला खांदा असा झुकवून यायची की बघत राहावं. तीन राउंड २ मिनिटं ५ सेकंदांत. सरांच्या वहीत तिच्या तीन नोंदी होत्या, तिन्हींत फार तर सेकंदाचा फरक. तालुक्याला १४ वर्षांखालील मुलींत ६०० मीटरला ही पहिली येणार, असं आम्ही तिच्या घरी जाऊन सांगून आलो होतो.

तालुक्याला ती पाचवी आली. वेळ २ मिनिटं २३ सेकंद. सरांनी तिथेच, बाकीच्या शाळांच्या मुलींसमोर तिला झापलं. "अंग राखून पळालीस." ती गप्प. परतताना एसटीत माझ्या शेजारी बसली होती. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "मॅडम, मी खरंच जोर लावला होता ओ."

अठरा सेकंद! अनोळखी मैदान, गर्दी, भीती, यात चार-पाच सेकंद गेले असं धरलं तरी बाकीचे कुठे गेले, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

रविवारी गवंड्याकडून ३० मीटरचा टेप आणला. शिपाईमामांनी दुसरं टोक धरलं. वळणावर टेप सरळ ताणून चालत नाही, म्हणून मीटर-मीटरवर खिळे ठोकले. फक्कीच्या आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेरून मोजत गेलो, कारण पळणाऱ्याची वाट तिथून जाते, रेषेवरून नाही. राउंड भरला १७४ मीटर. पुन्हा मोजला, तरी १७४. मग मामांनाच आठवलं, कोपऱ्यात पाण्याची टाकी बांधली तेव्हा रेषा आत घेतली होती. टाकीला सहा वर्षं झाली होती.

आता गणित करा. तीन राउंड म्हणजे ५२२ मीटर, म्हणजे ७८ मीटर कमी. तिच्या वेगाने ७८ मीटरला जवळजवळ १९ सेकंद लागतात. आमच्या मैदानावर खरे ६०० मीटर धावली असती तर २ मिनिटं २४ सेकंद लागले असते, तेही शेवटपर्यंत दम टिकला असता तर. तालुक्याला लागले २ मिनिटं २३. म्हणजे त्या दिवशी पोरगी आजवरचं सगळ्यात चांगलं पळाली होती, आणि त्याच दिवशी तिने बोलणी खाल्ली.

सोमवारी स्टाफरूममध्ये हे सगळं मांडलं. सर म्हणाले, "मॅडम, शाळा आहे ही, ऑलिंपिक नाही. पोरं पळाली म्हणजे झालं." मुख्याध्यापकांना वेगळीच काळजी. खऱ्या वेळा लिहिल्या तर शाळेची सगळी मुलं एका वर्षात मंदावल्यासारखी दिसतील, तेव्हा आहे ते चालू द्या. मी चालू दिलं नाही. समाप्तीच्या रेषेमागे ७८ मीटरवर खुंटी मारली. तिथून सुरुवात, रेषा ओलांडली की पुढे तीन पूर्ण राउंड. फक्की पुन्हा मारावी लागली नाही, मैदान बदलावं लागलं नाही. एवढ्यावरून सर माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत.

ते "ऑलिंपिक नाही" मला आजही पटलेलं नाही. मोठ्या खेळाडूची वेळ चुकली तर ती पकडायला दहा माणसं असतात. बारा वर्षांच्या पोरीला आपण सांगू तोच आकडा खरा.

आता तुमचा प्रश्न. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया कार्यक्रमाची चाचणी घ्या, वेगळं काही शोधत बसू नका. चौथीपासून पुढे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), ५० मीटर, ६०० मीटर, सिट अँड रीच (पाय पसरून बसून पुढे वाकणं), पार्शल कर्ल-अप (उताणं झोपून खांदे उचलणं) आणि पुश-अप्स. फ्लेमिंगो (एका पायावर तोल) आणि प्लेट टॅपिंग (हाताने दोन चकत्यांना आलटून-पालटून झटपट शिवणं) पहिली ते तिसरीसाठी आहेत, आठवीच्या पोरांना त्या लावू नका. ५० मीटरला शिट्टी नको, झेंडी वापरा. शिट्टीचा आवाज सुरुवातीपासून समाप्तीच्या रेषेवर उभ्या तुमच्यापर्यंत यायला साधारण ०.१५ सेकंद जातात आणि घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं. सिट अँड रीच एकदा अंग गरम करून आणि एकदा तसंच घेतलंत तर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. आणि बीएमआय ओळीत उभं करून मोठ्याने वाचू नका. हे मी हात जोडून सांगते.

पण ही झाली क्षमता. कारक कौशल्य, म्हणजे धावणं, फेकणं अशी हालचाल किती नीट जमते, हे प्रकरण वेगळं, आणि बहुतेक जण इथेच गल्लत करतात. चेंडू किती लांब गेला ते टेप सांगेल. फेकताना हाताच्या विरुद्ध बाजूचा पाय पुढे पडला का, कंबर वळली का, चेंडू सुटल्यावर हात अंगासमोरून तिरका दुसऱ्या बाजूला खाली आला का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. अमेरिकन संशोधक डेल उलरिच यांनी १९८५ मध्ये काढलेली टीजीएमडी (टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट) ही चाचणी अशीच चालते: बाब दिसली तर १, नाही दिसली तर ०. ती ३ ते १० वर्षांच्या मुलांची आहे, त्यामुळे तिचे वयानुसार गुणांचे तक्ते तुम्हाला लागू नाहीत, पण बघायची पद्धत उचला. धिप्पाड पोरगं नुसत्या ताकदीवर चेंडू लांब टाकतं आणि त्याचं कच्चं तंत्र वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

दिवाळीआधी एकदा आणि फेब्रुवारीत एकदा मोजा, आणि मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या आकड्याशी करा. या वयात एकाच वर्गात कोणी झपाट्याने वाढीला लागलेलं असतं, कोणी अजून नाही. त्यांना एका रांगेत लावून काही कळत नाही. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ६०० मीटर पळवू नका. पाळी असेल त्या मुलीला कोणी कारण न विचारता दुसरा दिवस मिळेल अशी सोय आधीच ठेवा.

आणि हेही लिहायला हवं की सर कामचुकार नव्हते. पहाटे सहाला मैदानावर पाणी मारणारे तेच. त्यांनी त्या मुलीला एकदा बोलावून सांगितलं असतं, तर मी आज एवढं लिहिलं नसतं. गणित तिला मीच दाखवलं. वही बराच वेळ हातात धरून तिने विचारलं, "हे सरांना माहिती आहे?" मी हो म्हटलं. "मग ते का नाही बोलले?"

तुमच्याकडून अशी चूक निघाली तर ज्यांच्यासमोर मुलाला बोललात, त्यांच्यासमोरच ती सांगा. आणि टेप स्टीलचा नाहीतर फायबरचा घ्या, कापडी ताणतो.