‘पॉझिटिव्ह राहा’ या सल्ल्याला संशोधनाचा आधार कितपत आहे?

आपला प्रश्न असा आहे की, आईंना पक्षाघात झाल्यापासून नातेवाईक, शेजारी, दवाखान्यात भेटणारे ओळखीचे असे सगळेच आपल्याला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून सांगतात. त्याला शास्त्रीय आधार आहे, की ही नुसती बोलण्याची रीत आहे? ओघात आपण असेही लिहिले आहे की, डिचोलीत देवळासमोर झालेले एक नाटक पाहताना आपण पोटभर हसलात आणि घरी येऊन आईंचे अंथरूण बदलताना त्या हसण्याचीच आपल्याला लाज वाटली. मी फोंड्याला उच्च माध्यमिक विद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. उपचार करणारा डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मला विचाराल तर आपल्या हसण्याला संशोधनाचा चांगला आधार आहे. लोकांच्या उपदेशाला मात्र तो फारसा नाही.

आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळचे संशोधन सुसान फोकमन आणि जुडिथ मॉस्कोविट्झ यांचे आहे. १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने मरणाच्या दारात असलेल्या जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांच्या मुलाखती त्यांच्या गटाने दर दोन महिन्यांनी घेतल्या. तेव्हा त्या आजारावर परिणामकारक औषधे नव्हती आणि शेवट काय होणार, हे दोघांनाही ठाऊक असे. प्रश्नावली साहजिकच ताण, थकवा आणि दुःख यांविषयी होती. परंतु अभ्यास सुरू झाल्यावर थोड्याच काळात मुलाखत देणाऱ्यांपैकी काहींनी तक्रार केली की, तुम्ही फक्त त्रासाचे विचारता, आमचे अर्धे जगणे तुमच्या कागदावर येतच नाही. संशोधकांनी मग एक प्रश्न वाढवला: ज्याने बरे वाटले आणि दिवस निभावायला मदत झाली, असे काही अलीकडे घडले का? जवळजवळ प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काही ना काही निघाले, आणि ते मोठे नव्हते. कोणी आवडीचे जेवण रांधले होते, कोणाला जुना मित्र भेटून गेला होता, कोणाचे काम एखाद्याने मनापासून वाखाणले होते. या माणसांचे दुःख तपासणीत स्पष्ट दिसत होते, ते कमी झालेले नव्हते. तरी मृत्यूच्या आगेमागचा काळ सोडला, तर बऱ्या भावना जवळजवळ तितक्याच वेळा नोंदल्या गेल्या. सुख आणि दुःख एकाच घरात, एकाच आठवड्यात, कधी एकाच तासात नांदतात, हे त्यातून पुढे आले. मला हा या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष वाटतो, आणि तो रुग्णांची सेवा करणाऱ्यांनीच संशोधकांना शिकवला.

त्या क्षणांचा उपयोग काय, याचे उत्तर शोधताना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिक्सन यांचे नाव टाळता येत नाही. १९९८ साली त्यांनी मांडले की, भीती किंवा राग माणसाचे लक्ष एका बिंदूवर आवळतात, तर आनंद, कुतूहल, समाधान या भावना ते लक्ष रुंदावतात, आणि त्या रुंदावलेल्या अवस्थेत माणूस नाती, कौशल्ये, माहिती अशी पुढे उपयोगी पडणारी शिदोरी बांधत जातो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात सहभागी लोकांना सांगण्यात आले की, एका मिनिटात भाषणाची तयारी करा, ते कदाचित चित्रित होईल आणि इतर लोक त्याची पारख करतील. नाडी आणि रक्तदाब अर्थातच चढले. मग भाषणाऐवजी पडद्यावर एक छोटी चित्रफीत लागली: कोणाला समुद्राच्या लाटा, कोणाला खेळणारे कुत्र्याचे पिल्लू, कोणाला काहीच भाव न जागवणारी दृश्ये, तर कोणाला रडणारा मुलगा. लाटा आणि पिल्लू पाहणाऱ्यांचे शरीर सर्वांत लवकर मूळ स्थितीवर आले, रडणारा मुलगा पाहणाऱ्यांचे सर्वांत उशिरा. याच चित्रफिती मुळात शांत असलेल्या लोकांना दाखवल्या, तेव्हा हृदयाच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. म्हणजे बरी भावना ताण येऊच देत नाही असे नसून, आलेला ताण शरीरातून लवकर उतरवते. मिशेल टुगाडे यांच्यासह केलेल्या २००४ च्या संशोधनातही हेच आढळले: जे लोक संकटातून चांगले सावरतात, त्यांचीही छाती इतरांइतकीच धडधडते, फक्त ती लवकर थांबते.

याच गटाने २००१ च्या सुरुवातीला काही अमेरिकी विद्यार्थ्यांची तपासणी केली होती. त्या वर्षी ११ सप्टेंबरचे हल्ले झाल्यावर त्यांनाच पुन्हा गाठण्यात आले. राग आणि दुःख सर्वांनाच होते. ज्यांना त्या दिवसांतही कृतज्ञता, जिव्हाळा, काही जाणून घेण्याची ओढ अधूनमधून वाटत होती, ते नैराश्याकडे कमी झुकले. विद्यार्थी पन्नासाहून कमी होते, म्हणून या एका अभ्यासावर मी फार भार टाकणार नाही; पण तो बाकीच्यांशी जुळतो.

आता आपल्या लाजेविषयी. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदार जाऊन सुमारे सहा महिने झालेल्या लोकांना त्या व्यक्तीविषयी बोलायला सांगून त्यांचे चेहरे बारकाईने पाहिले. बोलता बोलता ज्यांना खरेखुरे, डोळ्यांपर्यंत पोहोचणारे हसू आले, त्यांची मानसिक वेदना कमी होती आणि आजूबाजूच्या माणसांशी त्यांचे संबंधही बरे होते. हसणारा दुःख विसरलेला असतो, ही आपल्याकडची समजूत या निष्कर्षापुढे टिकत नाही. बारा दिवस उलटायच्या आत घरात कोणी हसले तर भुवया उंचावणाऱ्या मावश्या आमच्याही घरी आहेत. त्यांना हे समजावण्याचे धाडस मी अजून केलेले नाही.

आता सावध करणारी बाजू. फ्रेडरिक्सन यांनीच मार्सियल लोसाडा यांच्याबरोबर २००५ साली दावा केला होता की, बऱ्या भावना वाईट भावनांच्या २.९०१३ पटींहून अधिक असतील तर माणूस बहरतो. भावनांचे मोजमाप दशांश चिन्हापुढे चार घरे! निक ब्राऊन हे उतारवयाकडे झुकलेले विद्यार्थी, भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी २०१३ साली दाखवून दिले की, त्यामागची समीकरणे द्रवांच्या प्रवाहाच्या गणितातून उचललेली असून ती भावनांना लागू करण्याला काहीच आधार नाही. गणिताचा तो भाग अधिकृतपणे मागे घेण्यात आला. ‘तीनास एक’ हे प्रमाण मात्र अजून कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरांत आणि व्हॉट्सॲपवर सुखाने फिरते आहे. आपल्याला कोणी ते ऐकवले, तर सोडून द्यावे. तसेच ‘आनंदी राहिल्याने आयुष्य वाढते’ हे वाक्यही जपूनच घ्यावे. ब्रिटनमधील सात लाखांहून अधिक स्त्रियांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आधीचे आजारपण हिशेबात धरल्यावर आनंदी आणि दुःखी स्त्रियांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक उरला नाही.

हुकूम दिल्याने भावना येत नाही, हेही तपासलेले आहे. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली काही जणांना आनंदाची महती सांगणारा लेख वाचायला दिला आणि नंतर एक आनंददायक चित्रफीत दाखवली. लेख वाचलेल्यांना तीच चित्रफीत पाहून इतरांपेक्षा कमी आनंद झाला, कारण ते आपण पुरेसे आनंदी आहोत की नाही, हे मोजत बसले. ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला नेमके हेच मोजमाप माणसाच्या मागे लावतो.

मग करायचे काय, याचे उत्तम उत्तर आपल्या गोव्यातच तयार झाले आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेने येथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला आनंदी व्हायला सांगत नसत. पूर्वी काय करत होता, त्यातले काय सुटले, त्यातली कोणती लहान गोष्ट या आठवड्यात कोणत्या वारी करता येईल, एवढे ठरवत. मन लागले की करीन, हा क्रम उलटा करून, केले की मन हळूहळू लागते, यावर ती पद्धत उभी आहे. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांसह हे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के; आणि वर्षानंतर टिकलेल्या सुधारणेत पुन्हा सुरू केलेल्या या लहान गोष्टींचा वाटा दिसून आला.

आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान बरीच वर्षे अंथरुणाला खिळून होते. चवथीच्या आधी त्या बाजारात जाऊन कवंडाळे, कांगले, सुपारीचे कातरे निवडून आणत आणि पलंग दिसेल अशा जागी बसून केवणीच्या दोराने माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीचे, एकेक फळ बांधत. यजमान तिथूनच ‘डावीकडे रिकामे दिसते’ म्हणून सूचना करत, त्या ‘तुम्हीच या बांधायला’ म्हणत, आणि मग दोघेही हसत. रात्री औषध पाजताना त्या रडत असत, हेही आम्हांला भिंतीपलीकडून ठाऊक होते. फोकमन यांच्या नोंदींत जे आहे, ते हेच.

आपणही आईंच्या आजारपणात जे सुटले, भजन, शिवण, मैत्रिणीशी फोन, जे असेल ते, त्यातले एक निवडून त्याला वार आणि वेळ द्यावी; त्या वेळी मन प्रसन्न आहे की नाही, हे पाहू नये. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कशातही रस उरला नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर हे घरगुती उपाय पुरणार नाहीत. बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे, आणि टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.

आणि पुढच्या वेळी कोणी ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणाले, तर त्यांना नम्रपणे विचारावे की, शनिवारी दुपारी दोन तास आईजवळ बसाल का. नाटक तीन तासांचे असेल, तर तीन तास मागावेत.