प्रार्थना करूनही राग जात नाही, तेव्हा

"मॅडम, रोज प्रार्थना करते, उपासना चुकवत नाही, तरी राग जात नाही. माझा विश्वासच खोटा आहे का?" भायखळ्यात समुपदेशनाला बसते तिथे हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकला आहे की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एका ताईंची गोष्ट सांगते.

ताई पन्नाशीच्या, अविवाहित, राहणार भांडुप. आईला अर्धांगवायू झाल्यापासून तिचं सगळं त्याच बघायच्या. सकाळी तिची अंघोळ, औषधं, मग गर्दीची लोकल गाठून फोर्टातलं ऑफिस. धाकटा भाऊ पनवेलला. नाताळला, ईस्टरला केक घेऊन यायचा आणि आईचा चेहरा उजळायचा.

"त्याला आईची पर्वाच नाही, नुसता दिखावा," ताई म्हणाल्या. "आणि चर्चमध्ये ज्या तोंडाने प्रभुभोजनाची भाकर घेते, त्याच तोंडाने मी त्याला शिव्याशाप देते."

"देवाशी याबद्दल काय बोलता?"

"क्षमा करायला बळ दे म्हणते."

"भावाने काय केलं, ते सांगता?"

"देवापुढे चहाड्या कशा करायच्या?"

बहुतेक जण इथेच अडकतात. राग आला हेच पाप, असं समजून आपण सोज्वळ प्रार्थना करतो आणि राग निघतो तो घरच्यांवर. बायबलमध्ये प्रेषित पौल इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात सांगतो, रागावा, परंतु पाप करू नका. बायबलमधल्याच ५५व्या स्तोत्रात तर गाऱ्हाणंच आहे: शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण हा तर माझा जिवलग! आपला भार परमेश्वरावर टाक, हे वचन त्याच स्तोत्रात पुढे येतं. आधी गाऱ्हाणं, मग भार टाकणं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ताईंना म्हटलं, रोज रात्री देवाला सगळं सांगा, भावाचं नाव घेऊन, न सजवता.

काही आठवड्यांनी आम्ही लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातला, येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला मुलगा वाचायला घेतला. धाकटा बापाची संपत्ती उधळून परत आला म्हणून घरात मेजवानी चाललेली, आणि हा रागाने आत जायला तयार नाही. बाप स्वतः बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तुम्ही मला कधी करडूही दिलं नाहीत, ही त्याची तक्रार ताई मोठ्याने वाचत होत्या. मध्येच थांबल्या.

"यानं करडू मागितलं होतं का, मॅडम?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मीही नाही मागितलं. मदत कर, असं भावाला एकदाही म्हटलं नाही. त्यानं आपणहून ओळखावं असं वाटायचं. नाही ओळखलं, की मी मनात निकाल लावून मोकळी."

इतक्या वर्षांच्या कामातून माझं ठाम मत झालं आहे की मुरलेल्या रागाखाली पुष्कळदा न केलेली मागणी असते. सेवा करणारी माणसं मागत नाहीत, हिशेब ठेवतात. म्हणून बापाचं उत्तर मला औषधासारखं वाटतं: तू सदैव माझ्याबरोबर आहेस, माझं सगळं तुझंच आहे. आपली सेवा देवाने पाहिली आहे याची खात्री पटली की भावाला दोषी ठरवायची निकड उरत नाही. भाऊ निर्दोष आहे, असं मात्र प्रभू म्हणत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात भावाच्या डोळ्यातलं कुसळ आहेच. आपलं मुसळ काढल्यावर ते नीट दिसतं, एवढंच.

घरात मारहाण असेल तर हा सल्ला लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागा गाठा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. क्षमेचा विषय नंतर.

ताईंनी भावाला फोन केला. "महिन्यातले दोन शनिवार तू आईजवळ राहा."

तो आधी उसळला. "तूच मला कशाला हात लावू देत नाहीस!" त्यातही तथ्य होतं, हे ताईंनी मान्य केलं.

आता तो येतो. कधी दांडी मारतो, तेव्हा ताईंना राग येतोच. पण त्याच संध्याकाळी त्या त्याला फोन करून विचारतात, "आज का आला नाहीस?" आणि तो काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐकून घेतात.